चाकांमधला अर्धा मिलिमीटर

नोएडातल्या एका कारखान्यात माझं काम वस्तू नापास करण्याचं आहे. मोटारींना लागणारे लहान लोखंडी भाग माझ्या टेबलावर येतात, मी त्यांना गेज लावते आणि मापात न बसणारा भाग लाल डब्यात टाकते. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला खोड लागते. लग्नाला गेले तरी माझी नजर आधी मांडवाचा खांब कलला आहे का ते बघते. बाबा मला ‘क्वालिटीबाई’ म्हणायचे. त्यात अर्धं कौतुक आणि अर्धा टोमणा असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते याच खोडीपायी केलं.

बाबांनी केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढण्यात सगळी नोकरी काढली. दोन वर्षांनी परत पुण्याला जाऊ, असं म्हणून दिल्लीला आले आणि कायमचे इथलेच झाले. नाद म्हणाल तर एकच, छोटी आगगाडी. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. “खेळणं मोडलं की पोर रडतं. ही पडली तर मी रडतो का? मी कारण शोधतो,” असं ते म्हणायचे.

दादाच्या जन्माच्याही आधी त्यांच्या एका साहेबांनी परदेशातून आणलेलं एक इंजिन आणि तीन डबे त्यांना देऊन टाकले होते. साहेबांच्या घरी ती अडगळ झाली होती. रूळ मात्र नव्हते, ते कुठेतरी हरवले होते. दिल्लीत तेव्हा असले रूळ मिळायचं नावच नको. मग बाबांनी ते स्वतः केले. पितळेच्या पट्ट्या तासायच्या, डाख देऊन जोडायच्या, आणि डब्याचं चाक हाताने फिरवून बघायचं. त्यांची सगळी रेल्वे त्या तीन डब्यांच्या चाकांवरून मापली गेली.

इथे थोडं मापाचं बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका आसावर दोन चाकं असतात आणि प्रत्येक चाकाला आतल्या बाजूने एक उंच कड असते. तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर हे सगळ्यात नाजूक माप. सरळ रुळावर ते थोडं इकडेतिकडे असलं तरी गाडी निभावून नेते. खरी परीक्षा होते सांध्यावर, जिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात. तिथे दोन रूळ मिळून एक टोक तयार होतं. त्याला बाबा ‘नाक’ म्हणत. चाकाची कड त्या नाकाच्या योग्य बाजूने जावी म्हणून समोरच्या रुळाला खेटून आणखी एक आखूड पट्टी बसवलेली असते. ती समोरचं चाक आतून धरते आणि जोडीला आपल्याकडे ओढून ठेवते. चाकांमधलं अंतर त्या पट्टीच्या हिशेबाने असेल तर डबा सुळकन जातो. जास्त असेल तर पट्टीची पकड बसायच्या आत कड नाकावर आपटते, चाक वर चढतं आणि डबा आडवा होतो. लहानपणी असा डबा पडला की बाबा दोन्ही हात वर करून म्हणायचे, “झालं पानिपत!” आणि आम्ही दोघं भावंडं हसायचो.

त्या तीन जुन्या डब्यांच्या चाकांमधलं अंतर आजच्या ठरलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी होतं. बाबांनी सगळे सांधे त्या कमी मापाला धरून बांधले होते. पुढे जे नवे डबे मिळत गेले त्यांची चाकं ते आसावरून हळूच सरकवून आपल्या मापाला आणत. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. कागदावर एक आकडा नव्हता. ‘आकडा कागदावर उतरला की डोक्यातून उतरतो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. त्या गाडीशेजारी मी लहानाची मोठी झाले, पण चाकांचं अंतर किती, असं कधी विचारलं नाही.

सरकारी क्वार्टरमध्ये ही रेल्वे एका फळीवर होती आणि पलंगाखाली सरकवली जायची. निवृत्तीनंतर बाबांनी नोएडात फ्लॅट घेतला, तिथे तिला स्वतंत्र खोली मिळाली. कमरेएवढं टेबल, त्यावर दोन स्टेशनं आणि अकरा सांधे. धूळ बसू नये म्हणून वर पानिपतची जाड चादर. रोज सकाळी चहा झाला की चादर निघायची आणि गाडी दहा फेऱ्या मारायची. आई म्हणायची, “आमच्या घरी देवाच्या आधी गाडीची पूजा.”

आई गेल्यावर बाबा एकटे राहू लागले. माझं घर वीस मिनिटांवर, दादा पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, “बाबा, आता बास झालं, इकडे या.” बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. “डोकं चालतंय तोवर मी इथे. चालत नाही असं दिसलं तर तुला बोलवावं लागणार नाही, मीच फोन करीन.” हे ते हसत म्हणायचे, पण मला त्याचा धाक वाटायचा, कारण बाबा बोलले की करायचे. त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. त्यांच्यासाठी तर वाटत होतंच, पण स्वतःसाठी जास्त. बाबा गेले की दिल्लीत माझं माहेर संपणार होतं.

विसरणं मात्र सुरू झालं होतं. एकदा गॅस मंद जळत राहिला. एकदा किल्ली दाराला बाहेरूनच लटकत होती. एकदा दुधाची पिशवी कपाटात सापडली. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी सेकंदकाट्यासकट काढलं. डॉक्टर हसून म्हणाले, “उमर के हिसाब से बिल्कुल ठीक हैं. इतना तो मैं भी भूलता हूँ.”

तरीही अशा प्रत्येक वेळी मी पुढे होऊन म्हणायचे, “अहो बाबा, मीच गॅस चालू ठेवला.” “किल्ली मीच विसरले.” ही आमच्या घरची जुनी पद्धत. बाबा तरुणपणी चुकीच्या बाबतीत फार कडक होते. एक पट्टी हरवली तरी दोन दिवस चौकशी समिती बसायची. समिती बसायच्या आत आई म्हणून टाकायची, “मीच हलवली हो.” की विषय संपला. आई गेली आणि ते काम आपोआप माझ्याकडे आलं. आपण खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही. घरात पाणी भरून ठेवतात तसं ते एक काम होतं.

मग बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ नको, वाकायचं नाही, म्हणून आठ दिवस ते माझ्याकडे राहिले. महिन्याभरात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती आणि त्यांच्यासाठी काय करावं ते मला सुचत नव्हतं. त्यांच्या झाडांना पाणी घालायला म्हणून मी फ्लॅटवर गेले, सहज चादर काढली आणि पर्समधला व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचेही भाग मोजणारा मापक, एका डब्याच्या चाकांना लावला. हो, माझ्या पर्समध्ये व्हर्नियर असतो. तेरा पॉइंट नऊ. इंटरनेटवर बघितलं तर या गाड्यांचं ठरलेलं माप चौदा पॉइंट चार. दुसरा डबा तेरा पॉइंट नऊ. तिसराही तेवढाच. दहाच्या दहा डबे नापास!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बाबांना आता एवढं बारीक दिसत नसेल, जुनी चाकं सरकत सरकत आत आली असतील, असं मी धरून चालले. सगळ्या डब्यांत एकच चूक, तीही अगदी सारखी, म्हणजे ती चूक नसणार, हे माझ्या हाताखालच्या शिकाऊ मुलीलाही कळलं असतं. मला कळलं नाही. कारखान्यातून परतताना मी रोज संध्याकाळी तासभर बसायचे आणि चाकं धरून बाहेर सरकवायचे. इंजिन उघडायला जमेना म्हणून ते तसंच ठेवलं. रुळावर गाडी फिरवून बघायची तसदीही मी घेतली नाही. माप बरोबर आहे म्हटल्यावर फिरवून काय बघायचं! वाढदिवसाला सांगू म्हणून गप्प बसले.

बाबा घरी गेले आणि दुसऱ्याच सकाळी फोन आला. “अगं, पहिल्याच सांध्यावर तिसरा डबा पडला.” मी म्हटलं, धूळ असेल. त्यांनी रूळ पुसले. मग पाचवा पडला, मग दुसरा. सगळे सांध्यावरच. इंजिन एकटं सोडलं तर अकराच्या अकरा सांधे बिनबोभाट पार करायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटत राहिलं की बाबांचे सांधेच चुकलेले होते आणि जुन्या चाकांनी ते झाकून घेतले होते. क्वालिटीवाल्याला आपलं गेज चुकीच्या ठिकाणी लावलं गेलंय असं सहसा वाटत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे बसून एक डबा मी अगदी सावकाश ढकलत सांध्यावरून नेला. कड नाकावर आपटताना स्पष्ट दिसली. मग मी ती आतली पट्टी मापली. ती तेरा पॉइंट नऊच्या चाकांसाठीच बसवलेली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा समोर काळा चष्मा लावून बसले होते, मला चहा विचारत होते. मी म्हटलं, नको, उशीर होतोय.

त्या रविवारी दादाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता. दादा म्हणत होता की तू लक्ष ठेवतेस म्हणतेस, पण ते दिवसभर एकटेच असतात यार. मी चिडून म्हणत होते की त्यांचं सगळं उत्तम चाललंय, तू तिकडून शहाणपणा शिकवू नकोस. मध्येच बाबांनी हात वर केला. “एक विचारायचं होतं. मी तुझ्याकडे होतो त्या आठवड्यात माझ्या डब्यांना कुणी हात लावला होता का?”

मी ‘नाही’ म्हटलं.

का म्हटलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा दिलंय आणि एकही पटत नाही. दादा ऐकत होता. बेचाळीस वर्षांच्या बाईने फुटलेल्या कपाचे तुकडे पलंगाखाली लोटावेत तसं ते झालं. उद्या येऊन गुपचूप चाकं पूर्ववत करू, की प्रश्नच मिटला, असाही विचार त्या क्षणी डोक्यात होता.

 बाबा हळू आवाजात म्हणाले, “मला वाटत होतं मी तेरा पॉइंट नऊ ठेवलंय. इतकी वर्षं तेच वाटत होतं. आज मापलं तर चौदा पॉइंट चार. कुणी हात लावला नाही, म्हणजे मीच बदललं असणार. आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाबा पार्कात फिरायला जातात त्या वेळी, मी माझ्या किल्लीने घरात शिरले. भराभर सहा डब्यांची चाकं आत सरकवली. बाकीचे चार उद्या करू म्हणून चादर पुन्हा होती तशी घातली आणि चोरासारखी जिना उतरले. बाबांनी त्याच दुपारी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या डब्यांची मापं एका कागदावर उतरवून तो शर्टाच्या खिशात ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी कारखान्यात फोन आला. “काल मी लिहून ठेवलंय, दहाही डबे चौदा पॉइंट चार. आज मापतोय तर सहा डबे तेरा पॉइंट नऊ. अक्षर माझंच आहे.” माझ्या टेबलासमोर दोन जण उभे होते. मी म्हटलं, “बाबा, डोळा नवा आहे, वाचताना चूक झाली असेल.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तासाभराने दादाचा फोन आला. “बाबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, मला घेऊन जा.”

मी अर्धी रजा टाकून धावले. बाबा टेबलाशी बसले होते, कागद पुढ्यात होता. चप्पल न काढताच मी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, व्हर्नियर, वाढदिवस, रविवारचं ‘नाही’, कालची चोरी, सकाळचं फोनवरचं. एकही गोष्ट वगळली नाही. सांगताना मी रडत होते आणि मला हलकंही वाटत होतं. आता ते रागावतील, दोन दिवस चौकशी समिती बसेल, आणि मग हे घर राहील, असं मला वाटत होतं.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “गॅस कुणी चालू ठेवला होता?”

“बाबा, त्याचा इथे काय संबंध?”

“सांग ना.”

“तुम्ही.”

“तेव्हा काय म्हणाली होतीस?”

“मी ठेवला म्हणून.”

“किल्ली? दूध?” मी म्हटलं, “तेही तुम्हीच.” ते म्हणाले, “मला तेव्हाही कळत होतं गं. तुझी आईसुद्धा असंच करायची, तेही कळायचं. फक्त तिला वाईट वाटू नये म्हणून मी बोलायचो नाही. आता हेही तू स्वतःवर घेतेस.”

मी उठले. उरलेल्या चारांपैकी एक डबा उचलला, त्यांच्या डोळ्यांदेखत चाकं आत सरकवली, व्हर्नियर लावून आकडा दाखवला आणि डबा इंजिनाला जोडला. तो अकराही सांध्यांवरून गेला. पुन्हा गेला. बाबा टाळी वाजवून म्हणाले, “शाब्बास! शोधून काढलंस तू. मी दोन आठवडे डोकं फोडत होतो.”

“मी शोधलं नाही! मीच बिघडवलं होतं!” मी ओरडले. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “ओरडू नकोस. माझी चूक तू दुरुस्त केलीस, चलो, एवढं पुरे आहे. दादाला मी सांगितलंय, आता मागे घ्यायला नको.” हे ते फार मायेने बोलले. त्यांच्याशी खरं बोलायची माझी पत मी एकेका प्रेमळ खोट्याने स्वतःच घालवून बसले होते.

दादालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “असू दे, एक ना एक दिवस हे होणारच होतं.” पंधरा दिवसांत फ्लॅट रिकामा झाला. टेबल पुण्याला नेता येण्यासारखं नव्हतं. रूळ कापून खोक्यांत भरले, डबे वर्तमानपत्रात गुंडाळले. ती खोकी दादाकडे माळ्यावर आहेत. बाबांनी उघडली नाहीत आणि दादानेही विषय काढला नाही. आल्यागेल्याला मात्र बाबा सांगतात की मला जे सापडलं नाही ते माझ्या मुलीने पंधरा मिनिटांत शोधून काढलं. मी तिथे असले तर मला ते ऐकून घ्यावं लागतं.

पुण्याला गेल्यावर दादाने त्यांना पुन्हा डॉक्टरला दाखवलं. तिथेही तेच उत्तर मिळालं, वयाच्या मानाने उत्तम. पण बाबा आता कुठलीच गोष्ट स्वतःच्या भरवशावर धरत नाहीत. दार लावलं का, गोळी घेतली का, आज कुठला वार, सगळं विचारून घेतात. त्यांचं उत्तर जवळजवळ नेहमी बरोबर असतं, तरीही विचारतात.

दिवाळीत मी गेले होते. सकाळी स्वयंपाकघरात मी आणि वहिनी चकल्या डब्यात भरत होतो आणि बाबा ओट्याशी उभे राहून आपला चहा करून घेत होते. त्यांनी दोन चमचे साखर घातली, ढवळली, कप उचलला आणि थबकले.

“मी साखर घातली का गं?” त्यांनी मला विचारलं.

“घातलीत बाबा, दोन चमचे. मी बघितलं,” मी म्हटलं.

त्यांनी हसून मान हलवली. मग वहिनीकडे वळले आणि तोच प्रश्न तिला विचारला.